नरांच्या खोक्यातून तक्रार येत नाही

३ मार्च, सोमवार

ही डायरी लसवाल्यानं दिली. दर वर्षी एक देतो, आणि दर वर्षी ती स्वयंपाकघरात किराण्याच्या याद्यांसाठी जाते. या वर्षी मी ती लपवून ठेवली, कारण आज जे झालं ते कुठंतरी लिहायला हवं. बोलायचं तर कुणाशी बोलू? जिच्याशी बोलतो तिच्याचबद्दल आहे.

तक्रार आली आहे. सहा आठवड्यांपूर्वी आमच्या हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रातून, गेलेल्या मादी पिल्लांच्या खोक्यांत कोंबडे निघाले. शंभरात नऊ. खोक्यांवर शिक्का दोन नंबरचा. एक नंबर मी, दोन नंबर ही. ही म्हणजे माझी बायको.

उद्या ही वही आमच्या लेकीच्या हाती लागली तर तिला कळावं म्हणून लिहितो. आईबाप काय काम करतात हे तिनं मैत्रिणींना कधी सांगितलं नाही, "सरकारी आहेत" म्हणून वेळ मारून न्यायची. तर काम असं. एक दिवसाचं पिल्लू नर की मादी ते ओळखायचं. पिल्लू डाव्या मुठीत घ्यायचं, पोट हलकंच दाबून घाण डब्यात पाडायची, शेपटीखालची जागा अंगठ्यानं उलगडायची आणि दिव्याखाली धरायची. आत मोहरीहून लहान उंचवटा असतो. आम्ही दोघं त्याला टिंब म्हणतो. टिंब असलं तर नर, नसलं तर मादी. पण काही माद्यांनाही चुकार टिंब असतं, आणि काही नरांचं दबलेलं असतं. तेवढा फरक डोळ्यात बसायला तीन वर्षं जातात. मी तासाला नऊशे पिल्लं बघतो. डावीकडे माद्या, त्या अंड्यांसाठी फार्मवर जातात. उजवीकडे नर, ते मागच्या शेडमध्ये जातात. तिथं यंत्र आहे, त्यात गेलेलं पिल्लू परत येत नाही. ते चालवणाऱ्याला सगळे गप्प्या म्हणतात, आणि त्याच्याशी यंत्राबद्दल कुणी बोलत नाही.

या कामात चूक त्या दिवशी कळत नाही. सहा आठवड्यांनी पिल्लाचा तुरा लाल व्हायला लागला की कळते. तोवर माणूस छान झोपलेला असतो.

हिला मी शिकवलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. पहिल्यांदा पिल्लू हातात दिलं तेव्हा पिल्लापेक्षा हीच जास्त घाबरली होती. तेवीस वर्षं माझ्यासमोर त्याच टेबलाला बसते. आणि शंभरात नऊ! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

६ मार्च, गुरुवार

सोमवार आणि गुरुवार पिल्लांचे. बाकीचे दिवस आम्ही माणसं.

आज हिच्यावर नीट लक्ष ठेवलं. मंद झाली आहे. माझी सात खोकी भरतात तेव्हा हिची चार. आणि हे आजचं नाही. गेली दोन-तीन वर्षं मी हिला सांभाळून घेतो आहे हे कुणाला माहीत नाही. माझी भरलेली मादीखोकी ही आपल्याकडे ओढते, वरवर चाळते आणि त्यावर दोनचा शिक्का मारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, तुमचा आकडा फार पुढं जातो, माझा कमी दिसतो. मी म्हटलं, घे बाई. नवराबायकोत कसला आला शिक्का. मॅनेजरला यातलं काही ठाऊक नाही, आणि मी सांगणारही नाही.

म्हणजे ज्या खोक्यांत कोंबडे निघाले त्यांतली काही माझ्या हातचीही असतील. पण मग ती चाळताना हिनंच काहीतरी घोळ घातला असणार.

१० मार्च, सोमवार

दिवा बदलून घेतला. तिसऱ्यांदा. हल्लीच्या दिव्यांत दम नाही. मॅनेजर नवा आहे, तिशीचासुद्धा नसेल, पण मला मास्तर म्हणतो आणि उठून उभा राहतो. म्हणाला, मास्तर, यापेक्षा मोठा लावला तर पिल्लं भाजतील. चष्माही पाच-पाच मिनिटांनी पुसावा लागतो. पिसांची धूळ काचेच्या बरोबर मधोमध बसते, कडेला बसत नाही. तिलाही नेमकी जागा सापडते.

या लॉटची जातही भिकार आहे. टिंबं अशी पुसट की विचारू नका. पूर्वीच्या पिल्लांची कशी ठसठशीत असायची.

१३ मार्च, गुरुवार

आज मला राग आला तो अजून गेलेला नाही.

चहाच्या सुट्टीत मी हात धुवून परतलो, तर ही माझ्या नरांच्या खोक्यात वाकलेली. भराभर पिल्लं उचलून दिव्याखाली धरत होती आणि काही माद्यांच्या खोक्यात टाकत होती. मी विचारलं, हे काय चाललंय? दचकली. म्हणाली, काही नाही, एक दोन चुकून तिकडं पडली होती. माझ्या हातून चुकून? मी खोकं तिच्यासमोरून ओढून घेतलं.

मग माझ्या ध्यानात आलं. हिला त्यांची दया येते. वय झालं की बायकांचं मन असं होतं. नरांच्या खोक्यातली दोनचार वाचवायची म्हणून ही त्यांना माद्यांत सोडते, आणि सहा आठवड्यांनी फार्मवर तेच बांग देतात. तक्रारीचं मूळ सापडलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मला वाईटही वाटलं. तेवीस वर्षांत हिनं पिल्लांबद्दल एकदाही हळहळ बोलून दाखवली नव्हती.

१७ मार्च, सोमवार

दुसरी तक्रार. शंभरात अकरा. शिक्का दोनच.

मॅनेजरनं मला आत बोलावलं, दार लावलं, खुर्ची दिली. म्हणाला, काकूंचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. मी म्हटलं, मी तिचा नवरा आहे, पण टेबलावर मी एक नंबर आहे, रीतसर परीक्षा घ्या. परीक्षेची रीत अशी: तिनं माद्या म्हणून काढलेली शंभर पिल्लं दुसऱ्या जाणकारानं तपासायची. ज्यांवर वाद होईल ती कात्रीनं उघडायची. आत दोन पिवळट दाणे दिसले की नर, मग वादाला जागा नाही. इथं दुसरा जाणकार मीच. गुरुवारी ठरलं.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही तपासणार?" मी म्हटलं, मी नाही तर कोण? ही निवडलेली भाजी पुन्हा निवडायला लागली.

२० मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

हिनं शंभर माद्या काढल्या. आज मात्र हात काय चालत होता! मंद वगैरे काही नाही, विशीतली असल्यासारखी. मग खोकं माझ्यासमोर आलं. मॅनेजर उभा, लस टोचणारी सुईवाली उभी, दारात गप्प्यासुद्धा. मी मुद्दाम सावकाश बघितलं. कुणी म्हणायला नको की बायको म्हणून कानाडोळा केला. उलट जिथं थोडी शंका आली तिथं मी तिच्या बाजूनं कौल दिला नाही. एकूण अकरा नर काढले.

ही माझ्याकडे बघत होती. मॅनेजर म्हणाला, "अकरा उघडून बघू." सुईवालीनं कात्री पुढं केली.

ही म्हणाली, "उघडू नका."

मॅनेजर म्हणाला, काकू, तुमच्याच भल्यासाठी आहे, मास्तरांचीही चूक होऊ शकते.

"हे म्हणतात तर नरच असतील," ही म्हणाली. "माझंच चुकलं."

अकरा पिल्लं उजवीकडच्या खोक्यात गेली. गप्प्या खोकं उचलून घेऊन गेला. मॅनेजरनं कागद पुढं केला: तपासणीत शंभरात अकरा चुका, कामावरून कमी करण्यास हरकत नाही. मी सही केली. एका झटक्यात केली, हे मला स्वतःशी कबूल करायला हवं. थोडा अभिमानही वाटला, की बघा, असा माणूस.

तिनं गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि माझी वाट न बघता घरी गेली.

२२ मार्च, शनिवार

घरात आवाज फक्त भांड्यांचा. मी म्हटलं, अगं, तुला आराम मिळाला असं समज. म्हणाली, हो. चहा ओतायला गेलो तर कपाच्या बाहेर सांडला. तिनं पुसला. पूर्वी चार शब्द सुनावले असते.

३ एप्रिल, गुरुवार

समोरची खुर्ची रिकामी आहे. तिच्या जागी माणूस मिळत नाही. कुठून मिळेल? तीन वर्षं शिकायला कोण बसतं आता? सगळा लॉट एकट्यावर. नवल म्हणजे माझाही वेग पडला आहे. एकेका पिल्लाला तीन-तीनदा उलगडतो. ती चीं चीं करत मुठीत वळवळतात, आणि मी टिंब शोधत बसतो. सरळ बघितलं की नाहीसं होतं, नजर जराशी बाजूला गेली की असल्याचा भास होतो. मग भासावर काम भागवतो. उडाला तर कावळा, बुडाला तर बेडूक.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१७ एप्रिल, गुरुवार

जाड निबाचं पेन आणलं. हल्लीची पेनंही पुसट लिहितात. ही म्हणाली, "डोळे दाखवून या एकदा." मी तिच्यावर खेकसलो. घरी बसून तिला दुसऱ्यांची दुखणी काढायला वेळ मिळतो, असंही म्हणालो. हे बोलायला नको होतं. माफी मात्र मागितली नाही.

५ मे, सोमवार

ती घरी बसल्याला सहा आठवडे झाले आणि आज तक्रार आली. शंभरात सतरा. शिक्का एक.

मॅनेजर उठून उभा राहिला नाही. कागद टेबलावर सरकवला. मला तो वाचता आला नाही. म्हणजे कडेची अक्षरं दिसली, मधली दिसली नाहीत. मी वाचल्यासारखं केलं. ही त्या खोक्यांना हात लावायला नव्हती. कुणीच नव्हतं. ती खोकी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी होती.

घरी आलो आणि उभ्या उभ्या विचारलं. "ती अकरा?"

"अकराही माद्या होत्या," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं होतील."

मी खाली बसलो. ती समोर बसली, आणि जेवायला काय करू विचारावं तितक्या साध्या आवाजात सगळं सांगितलं. माझ्या मादीखोक्यांतले कोंबडे ती काढायची आणि नरांत गेलेल्या माद्या परत आणायची. माझी पिल्लं दुसऱ्यांदा बघायची आणि वर स्वतःचीही, म्हणून मंद. घाईत काही नजरेतून सुटायची, ती तिच्या नावावर जावीत म्हणून शिक्का तिचा. मी म्हटलं, मग कात्री आणली तेव्हा का अडवलंस? ती म्हणाली, "अकरा उघडल्या असत्या तर तुमचं काय राहिलं असतं? सुईवालीसमोर, गप्प्यासमोर. तुम्ही कामाशिवाय एक रविवार काढू शकत नाही."

"आणि तुझं?"

"मला वाटलं, मी काढू शकेन."

तेवढं बोलून ती रडायला लागली. लग्न झाल्यापासून मी तिला तीनदा रडताना ऐकलं असेल. मग म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना. मी येते. शेजारी बसते. पहिल्यासारखं करू." मी म्हटलं, सांगतो. तिचा हात हातात घेतला. तिची बोटं माझ्या तळव्यात आपोआप हलत होती, उलगडल्यासारखी. घरी बसून ती हेच करत असते का कोण जाणे.

मला लाज वाटते आहे. इतकी की इथंही नीट लिहिता येत नाही.

९ मे, शुक्रवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. पडद्याचा मधला भाग गेला आहे, दोन्हीकडे. कडा शाबूत. म्हणाला, सरळ बघाल ते दिसणार नाही, जरा बाजूला बघायची सवय करा. परत येत नाही. मग त्यानं विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, सरकारी.

१२ मे, सोमवार

सांगायला गेलो होतो. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

मॅनेजरच आधी बोलला. एप्रिलभराच्या तक्रारी अजून येत राहतील, त्या मी निस्तरतो, म्हणाला. पण आजपासून जाईल ते स्वच्छ हवं, मी स्वतः उघडून बघणार आहे. मग म्हणाला, "मास्तर, काकूंना परत बोलावू का? पण तुम्हीच लिहून दिलंय शंभरात अकरा. ते चुकीचं होतं असं तुम्ही म्हणत असाल तर मला कागद बदलावा लागेल. मग टेबलाला कोण बसणार, तेही ठरवावं लागेल."

मला फक्त "हो, चुकीचं होतं" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी म्हटलं, "दिवा बदलून द्या, मी बघतो."

घरी तिनं दारातच विचारलं. मी म्हटलं, सांगितलं, तो म्हणाला बघू. ती कपाट उघडून कामावरचा पांढरा कोट काढून धुवायला घेऊन गेली.

१५ मे, गुरुवार

मला एक गोष्ट सुचली आहे. इतकी सोपी आहे की आजवर कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. कदाचित सुचली असेल.

तक्रार येते ती माद्यांत कोंबडा निघाला तर. नरांत मादी गेली तर तक्रार करायला कोण राहतं? नरांच्या खोक्यातून आजवर कधी तक्रार आलेली नाही, आणि येणारही नाही. म्हणजे नजर बाजूला करून आत काहीच नाही असं अगदी पक्कं दिसेल तेवढीच डावीकडे. जिथं शंका, ती उजवीकडे.

आज तसं केलं. हात पूर्वीसारखा चालला.

२२ मे, गुरुवार

मॅनेजरनं माझ्या मादीखोक्यांतून डोळे मिटून दहा पिल्लं उचलली. सुईवालीनं कात्री चालवली. दहाच्या दहा माद्या. दुसऱ्या खोक्यातून आणखी दहा. त्याही माद्या. मॅनेजर म्हणाला, मास्तर ते मास्तरच, आणि उठून उभा राहिला. उजवीकडचं खोकं कुणी उघडलं नाही.

गप्प्या खोकी न्यायला आला तेव्हा क्षणभर थांबला. "हल्ली मला काम फार," एवढंच म्हणाला. तो बोलला याचंच सगळ्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, लॉट मोठे आहेत.

पांढरा कोट अजून दाराच्या मागं टांगलेला आहे, इस्त्री करून. ती रोज विचारते, बोलला का काही? मी म्हणतो, बघू म्हणतोय.

२ जून, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. तक्रारी एप्रिलच्याच येतात, नव्या मालाचं मॅनेजर कौतुक करतो.

आज जेवताना तिनं सहज विचारलं, "हजारात किती माद्या निघाल्या?" माझं लक्ष घासाकडे होतं. हल्ली घास बघून घ्यावा लागतो. खरं ते बोलून गेलो. म्हटलं, तीनशे चाळीस.

ती जेवायची थांबली. म्हणाली, "हजारात पाचशे असतात."

मी म्हटलं, कधी इकडं तिकडं होतं, या लॉटला नर जास्त.

"दहावीस इकडं तिकडं होतात. मागच्या लॉटला किती होत्या?"

मी ताटातला पुढचा घास चाचपला. तिनं ताट उचललं, माझंही उचललं, आणि आत जाऊन नळ सोडला. भांडी घासल्याचा आवाज मात्र आला नाही. नळ नुसता वाहत होता. मी हिशेब करत बसलो. दर हजारी एकशे साठ, आठवड्याला दोन लॉट, लॉटला सहा हजार. पुढं केला नाही. तिनं नक्कीच केला असणार, तिचं गणित माझ्याहून चांगलं.

मग दारात येऊन म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलंच नाही ना?"

मी म्हटलं, सांगतो. गुरुवारी नक्की.

५ जून, गुरुवार

सकाळी तिनं डबा भरून दिला. दाराच्या मागचा कोट जागेवर नव्हता. कुठं ठेवला ते मी विचारलं नाही.

मॅनेजरच्या खोलीसमोरून दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी तो म्हणालासुद्धा, मास्तर, काही काम होतं का? मी म्हटलं, नाही, सहज. मग टेबलाला बसलो. दिवा चांगला होता. पिल्लं चांगली होती. शंका आली ती उजवीकडे टाकली. दुपारी मोजणी झाली, हजारात तीनशे दहा.

घरी आलो. ती दारातच उभी होती. आज तिनं मॅनेजरचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "चारशे नव्वद."

तेवीस वर्षांत तिला पिल्लांचा आकडा खोटा सांगितला तो आज पहिल्यांदा. ती मग "बरं" म्हणाली आणि आत गेली. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी सरळ तिच्याकडेच बघत होतो.